पावतीवरचं नाव

४ सप्टेंबर ५७
गावकीच्या खोलीत आता एकोणीस जण. पाळीने झोपायचं, पाळीने जेवायचं. आईचं पत्र आलं, मास्तरांनी लिहून दिलेलं. दमा वाढलाय, घरात एकटी आहे, तू नेतोस कधी? बोटी सुरू झाल्या की आणतो म्हणून कळवलं. पण कुठे आणू? तात्या दलाल तीन आठवडे नुसता फिरतोय. खोली दाखवतो नि म्हणतो थांब. मग त्या चाळीच्या नळावर बायकांशी गप्पा मारत बसतो. आज बोललोच, "तात्या, खोली बघताय की पाणी भरताय?"
हसला. "भिंती घटकाभरात बघून होतात रे. माणसं बघायला वेळ लागतो."
असं ऐकत बसलो तर आई तिकडेच...

९ सप्टें.
लालबागला खोली कळली. दुसरा माळा, गॅलरीच्या टोकाला, वारा भरपूर. बाळा नावाचा माणूस देतोय. भाडेपावती थोरल्या भावाच्या नावावर, लक्ष्मण. तो म्हणे गावी शेती करतो. तात्याला सांगितलं. एकच शब्द, "नको."
का?
"नको म्हणालो ना."
दलाली बुडते म्हणून नको. मला काय कळत नाही? गोदीत सहा वर्षं काढली.

१५ सप्टें.
तात्याला न सांगता केलं. पागडी दिली, किल्ली घेतली. बाळा त्याच पावली गेला. पत्ता दिला नाही, मीही मागितला नाही.
आरसा तसाच टांगलेला आहे. खिळा फार उंच. मला नुसतं कपाळ दिसतं.

२ ऑक्टो.
मालकाचा मेहताजी भाड्याला आला. गॅलरीत उभा राहून पावतीवरची नावं पुकारतो. "लक्ष्मण!" परत पुकारलं. मग ओ दिली. या मुंबईत निम्म्या खोल्या दुसऱ्याच्या नावावर चालतात. पण त्याने चष्म्यावरून बघितलं. "नोव्हेंबर संपायच्या आत स्वतःचं नाव लावून घे. नाहीतर मालक खोली काढून घेतील." कसं लावू? "ज्याचं नाव आहे त्याला आण."
शेजारच्या म्हातारीला दिसत नाही. पावलं वाजली की भिंतीपलीकडून विचारते, "लक्षुमणा, इलंस काय रे?" पहिल्यांदा नाही म्हणालो तर रडायला लागली. आता हो म्हणतो.

६ ऑक्टो.
खोलीतल्या पोटमाळ्यावर गेरूचा डबा सापडला. गेरू वाळलेला, कुंचला आत चिकटलेला. म्हातारीच्या मुलाला विचारलं, हे कशाला? तो मला चाळीमागे घेऊन गेला. भिंतीवर हातभर अक्षरं. मुंबईसह संयुक्त. पुढे काहीच नाही.
ल. (एवढंच लिहितो आता, पूर्ण नाव लिहवत नाही) ते रंगवत होता. गेल्या वर्षी जानेवारीत गोळीबार झाल्याची ओरड झाली. डबा वर ठेवला, येतो म्हणाला नि गेला. इस्पितळात नाही, तुरुंगात नाही, प्रेत नाही. बायको वरळीला, बीडीडी चाळीत आईकडे. अजून कुंकू लावते. तिला न कळवता बाळाने खोली विकली.
"तुला कोणी सांगितलं नाही?" तो म्हणाला.
मी कुणाला विचारलंच नव्हतं.

१० ऑक्टो.
तात्याकडे गेलो. शिव्या घालील वाटलं. त्याने चहा मागवला.
"मला ठाऊक होती ती खोली. नळावरची पहिलीच बाई म्हणाली, तिथला माणूस यायचाय अजून."
"मग सांगायचं ना!"
"आणि तू चार ठिकाणी बोलला असतास, खोली मोकळी पडलीय म्हणून. ती पोर वाट बघतेय. अरे, खोली कुणीही दाखवील. मी दलाली घेतो ती नको म्हणायची."
आता काय करू? तर म्हणाला, बायकोचा कागद लागेल. नवरा वारला असं तिने लिहून द्यायचं.
"देईल?"
"तू मागशील?"

२७ ऑक्टो.
तात्या मला घेऊन वरळीला गेला. तिच्या आईचे गुडघे, पाण्याची वेळ, भावाची नोकरी, तासभर हेच. कागदाचं नाव नाही. खाली आल्यावर म्हणाला, "आज नाही." या वेळी मी घाई केली नाही.

१७ नोव्हें.
ती स्वतः आली, तात्या दारात थांबला. खोलीभर बघितलं, कशाला हात लावला नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून, "लक्षुमणा, इलंस काय रे?"
पुन्हा हाक आली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो म्हणा."
म्हणालो.
मग तिने माझं नाव विचारलं. या चाळीत कोणी पहिल्यांदा विचारलं.

२८ नोव्हें.
सकाळी तात्याने कागद आणून दिला. खाली तिची सही, एकेक अक्षर सुटं. तारीख घातलेली नाही. निरोपही आहे, "ते गेले असं तुम्हाला वाटेल तेव्हा मेहताजींना द्या. मला विचारायला येऊ नका."
मला वाटेल तेव्हा!
दलाली पुढे केली. तात्याने माझा हात मिटला. "या खोलीचे नाही घेणार."
देऊ का कागद, तेवढं सांगा म्हणालो. चप्पल घालत म्हणाला, "हे दलालाला विचारायचं नसतं रे."
उद्या सकाळी आईची बोट, भाऊच्या धक्क्याला. परवा मेहताजी. कागद खिशात आहे. कामावर चारदा चाचपला. घामाने सही पुसायची म्हणून आता काढून पोटमाळ्यावर, गेरूच्या डब्याखाली ठेवतोय.