सातशे ऐंशीचा उजेड

बा, तुझ्या पणतीनं आज सकाळी एक डोळा झाकून कॅलेंडरवरचं बारीक अक्षर वाचलं. मग दुसरा झाकून वाचलं. तरी माह्या जिवाले चैन नाही. पोरगा म्हणते, "माय, उगाच घोर करतं तू." त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून तुले लिहून राह्यली.

सोनाळ्याच्या वावरात रानडुकरं येतात. त्यायले हाकलाले पोरानं हिरव्या लेझरचा दिवा आणला, टॉर्चसारखा. उजेड पार टेकडीले जाऊन लागते. मागच्या आठवड्यात कडाक्याच्या थंडीत लावला, त उजेड फिका. पोरगा म्हणे सेल संपला, अन् दिला लेकीले खेळाले. मी भाकरी थापून राह्यली होती. पाहते त पोरगी बटन दाबून दिव्याच्या तोंडालेच डोळा लावून बसलेली! पिठाच्या हातानंच फटका मारला. दिवा भुईवर पडला.

"काऊन मारलं वं आजी? उजेड त मेलेला हाय!"

अन् मी एकदम मेहकरच्या तुझ्या दुकानात. टेप दुरुस्त करता करता तू नुकताच सीडीचे डबे उघडाले लागला होता. आत भिंगावर लाल ठिपका, विझत आलेल्या उदबत्तीएवढा. मी डोळा नेला अन् तू स्पिरिटमधली कापसाची काडी टाकून फाडकन मारलं, गिऱ्हाइकासमोर. "डोळा घालवतं का वं? हा सातशे ऐंशी नॅनोमीटरच्या लहरीचा लेझर हाय! दिसते ते नुसतं शेपूट, जनावर दिसतच नाही." पुढं डीव्हीडी आली तवा म्हणाला, हा साडेसहाशेचा, हा लालभडक दिसते, माणूस आपसूक डोळा मिटते. जो दिसतच नाही, त्याच्यापुढं पापणी लवत नाही.

आमच्या दिव्यावर पाचशे बत्तीस लिहिलेलं. मले वाटलं, हा त दिसणाऱ्यातला, एवढा वाईट नसंन. बुलढाण्याच्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईनं तो दिवा पाहिला अन् म्हणाली, "ताई, असल्या स्वस्त दिव्यात आत आठशे आठचा न दिसणारा किरण असतो, त्याच्यापासूनच हिरवा तयार होतो. थंडीत हिरवा कमी होतो, पण तो न दिसणारा तसाच बाहेर येतो. उजेड मेला नव्हता." पोरीच्या डोळ्यात थेंब टाकून, घडीभर बाकावर बसवून तपासलं. पडद्यावर आज डाग नाही म्हणे. पण महिनाभर लक्ष ठेवा, मधोमध काळं दिसलं त लगेच आणा.

आज नाही. उद्याचं कोण सांगते? दिव्यातले सेल काढून मी पिठाच्या डब्यामागं लपवले. डुकरं काय खातात ते खाऊ दे.

तवापासून रोज सकाळी तिले भिंतीपुढं उभी करते. "आजी, मी पहिलीत नाही वं आता, मले येते वाचता." मी म्हणते, गप, वाच.

तूही असंच करे. त्या फटक्यानंतर रोज दुकान उघडलं का मले कॅलेंडरपुढं उभी करे, आपल्या हातानं माहा एक डोळा झाके अन् म्हणे, वाच. माय गेल्यावर शाळा सुटलेली, जोडाक्षर आलं का मी अडे. तू अक्षर लावून दे अन् मग दुसरा डोळा झाके. मी साऱ्यायले सांगत आली, माह्या बानं मले वाचाले शिकवलं. एकदा इचारलं होतं, बा, तुहा हात काऊन हालते? तू म्हणाला, सोल्डर धरून धरून.

हे आता घडी करून कॅलेंडरच्या मागं खोचते, तू त गेला, दुसरं कुठं टाकू? तुले माह्या डोळ्याचं भेव वाटत होतं, हे मले आज समजलं. सकाळी पोरीनं माहा हात डोळ्यावरून बाजूले केला अन् म्हणाली, "आजी, तुहा हात काऊन हालून राह्यला?"

मी म्हटलं, भाकरी थापून थापून.