दीड माणसाचं पाणी

३ फेब्रुवारी

चि. गुंडीस,

अनेक आशीर्वाद. बसली आहेस ना? नसशील तर बस. तुझी आत्या लग्न करते आहे.

फोनवरच सांगणार होते. पण समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांना वीज देता देता आपल्या फोनमध्ये जीव उरत नाही, आणि उरला असता तरी तू मला पुढचं वाक्य बोलू दिलं नसतंस. म्हणून पत्र.

नवरदेव म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. माझी दाढ ठणकत होती म्हणून जिना चढले. दाढ काढल्यावर त्यांनी चूळ भरायला पेला दिला. तुला माहीतच आहे, दवाखान्यात चुळीला घोटभर पाणी मिळतं आणि लोक ते थुंकायचं सोडून गिळून टाकतात. इथं पेला काठोकाठ भरलेला! मीही लाज सोडून गटागटा प्यायले. डॉक्टरांनी दुसरा पेला भरला आणि म्हणाले, आता हा चुळीसाठी. मी तोही प्यायले. दाढेबरोबर मीही कामातून गेले बघ.

नंतर कळलं, ते त्यांचं स्वतःचं दिवसभराचं पाणी होतं.

लॉन्ड्री जोरात आहे. कपडे अजून लाकडाच्या भुशानंच घासते आणि गच्चीवर उन्हात तापवते. गिऱ्हाइकं म्हणतात, शर्टाला सुताराच्या दुकानाचा वास येतो. येऊ दे.

माया आहेच, ती आटवू नकोस.

तुझी आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मी आधी हसले, मग घाबरले आणि मग गणवेश चढवून कामावर गेले, कारण पाणीखात्याच्या तपासनिसाला रडायलासुद्धा परवानगी काढावी लागते.

या वयात हे शोभतं का, असं मी विचारणार नाही. तो प्रश्न बाबांनी स्वतःसाठी राखून ठेवलाय. मी फक्त नियम सांगते. तुझं एक कार्ड, डॉक्टरांचं एक कार्ड, म्हणजे दोन माणसांचं पाणी. लग्न झालं की कार्ड एक होतं आणि त्यावर दीड माणसाचं पाणी मिळतं. संसारात भांडी कमी लागतात, असा आमच्या खात्याचा शोध आहे. ज्यानं लावला तो बहुधा ब्रह्मचारी असावा.

आत्या, गेल्या उन्हाळ्यात तू दुकानात इस्त्रीजवळ कोसळली होतीस. तुझे ओठ कसे झाले होते ते मी पाहिलंय. यंदा त्याहून कडक उन्हाळा सांगितलाय. अर्ध्या माणसाचं पाणी गेलं तर ते अर्धं माणूस कोण, तू की ते? तुम्ही वर-खाली राहा, संध्याकाळी भेटा, हवं तेवढं प्रेम करा. त्याला मीटर नाही. पण सही करू नका. केलीत तर मी लग्नाला येणार नाही. तुझं पाणी तोडायचा हुकूम माझ्याच टेबलावरून निघेल, आणि ते करून वर लाडू खायला माझ्याच्यानं होणार नाही.

रागावलेली, तरीही तुझीच

गुंडी

१६ फेब्रुवारी

चि. गुंडीस,

आशीर्वाद आणि एक चापट. तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगी शंभर टक्के बरोबर बोलते आहे. मग आम्ही दोघांनी तारीख ठरवली.

इस्त्रीजवळ पडले तेव्हा मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं, सांगू? शुद्धीवर आले तेव्हा दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पडल्या पडल्या छताची जळमटं बघत बसले. तहान मी सोसेन गं. ती जळमटं पुन्हा एकटीनं बघायची नाहीत मला.

बावीस तारखेला सकाळी नोंदणी कचेरीत सही, दुपारी डॉक्टरांच्या घरी चहा. आहेर नको असं सगळ्यांना बजावलंय. जमलं तर ये. गणवेश मात्र खुंटीला टांगून ये.

आत्या

२४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आधीच सांगते, तुझी लेक सुखरूप आहे आणि तिची नोकरी बहुधा नाही.

सही झाली. आम्ही दीड माणूस होऊन घरी आलो. बघतो तर जिन्यावर ही रांग! आहेर नको म्हटलं होतं ना, म्हणून जो तो पाणी घेऊन आलेला. कुणी बाटली, कुणी डबा. शिवणकाम करणारी शेजारीण तर औषधाच्या बाटलीत चार घोट घेऊन आली होती. यांचं पाणी आता कमी होणार, एवढंच जो तो म्हणत होता. मी रडले, पण लगेच थांबले. ओलावा वाया जातो.

मग डॉक्टरांच्या लक्षात आलं, की कार्डापेक्षा जास्त पाणी घरात ठेवणं म्हणजे साठेबाजी. रात्र उलटायच्या आत संपवायला हवं. परत द्यावं तर कुणी घेईना. पिऊन पिऊन पिणार किती? सगळे डुलत होते.

डॉक्टरांच्या न्हाणीघरात त्यांच्या वडिलांच्या वेळचा टब आहे. त्यात ते गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे ठेवतात. त्यांनी एकाएकी सगळे जबडे उचलून पलंगावर मांडले आणि मला विचारलं, की तुम्ही पाण्यात शेवटचं कधी बसला होतात? मला आठवेना. तुला आठवतं का रे?

आम्ही लग्नाच्या कपड्यांनिशी बसलो. दोघं! पाणी गळ्यापर्यंत आलं आणि मी अशी किंचाळले, की खालच्या मजल्यावरचे धावत आले. डॉक्टर आधी पाण्यावर हलकेच थापट्या मारत राहिले, मग जोरात. तो आवाज, दादा! सगळी गल्ली जमली. पोरांनी असा आवाज कधी ऐकलाच नव्हता. एकेकाला आत घेऊन पाय बुडवू दिले. एक चिमुरडी म्हणाली, पाणी ढकलतंय मला.

आवाज लांब गेला तशी खात्याकडे तक्रारही गेली, आणि तपासणीला आली कोण तर गुंडी. पूर्ण गणवेशात, शिट्टी गळ्यात. मी टबात, डोक्यावर ओली वेणी. तिनं विचारलं, हे पाणी कुणाचं? शिवणवाली म्हणाली, माझं. मागून दुसरा म्हणाला, माझं. मग अख्खा जिना तेच म्हणू लागला.

गुंडी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. तिचा जन्म ओल्या टॉवेलनं अंग पुसण्यात गेला. तिनं खाली वाकून बोट बुडवलं. मग बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले, टोपी डॉक्टरांच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, सरका जरा.

नंतर तेच पाणी मी लॉन्ड्रीत नेलं आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या चादरी धुतल्या. उरलं ते अंगणातल्या झाडाला. उन्हाळ्याची भीती वाटते. पण सध्या कानात पाणी गेलंय, त्यामुळे भीती नीट ऐकू येत नाही.

गुडघा जप. तुझ्या मेहुण्यांकडून नमस्कार.

तुझी धाकटी

२ मार्च

ती. आत्यास व ती. डॉक्टरकाकांस,

शि. सा. न. वि. वि. अहवाल खरा खराच लिहिला. तक्रारीत तथ्य आहे, पाणी कोमट होतं, तपासनिसानं स्वतः बसून खात्री केली.

मोठ्या साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. मी बडतर्फीची तयारी ठेवून उभी होते. त्यांनी अहवाल बाजूला सारला, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, की बसल्यावर नेमकं कसं वाटतं? मी सांगितलं. हात आपोआप वर येतात, अंगाचं वजन कोणीतरी धरतं, श्वास घेतला की पाणी छातीवर चढतं. मागं कधी दार उघडलं कुणास ठाऊक. वळून बघते तर टंकलेखिका, शिपाई, मीटरवाले, सगळे दाटीवाटीनं उभे. साहेब म्हणाले, ते वजनाचं पुन्हा एकदा सांगा.

पुन्हा सांगितलं. मग त्यांनी चष्मा घातला आणि शिक्षा सुनावली. शहरातून बदली, डोंगरमाथ्यावर, जिथं धुकं पकडायची जाळी लावली आहेत. रोज पहाटे ती झटकायची. अंगावर पाणी धो धो पडतं म्हणे. मी तोंड पाडून हुकूम घेतला आणि जिन्यापर्यंत कसंबसं हसू दाबून ठेवलं.

तुमचं पाणी तोडायचा हुकूम मात्र मीच काढून आले. दीड म्हणजे दीड. उन्हाळ्यात एकमेकांकडे लक्ष ठेवा, आणि दुपारी इस्त्री बंद म्हणजे बंद. डोंगरावर सुट्टीला या. येताना जुने कपडे घाला.

आशीर्वाद सढळ हातानं पाठवा, त्यांच्यावर अजून कार्ड निघालेलं नाही.

तुमची भिजलेली

गुंडी