ठोक्याआड

प्रिय ठोक्या,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, नवं भांडण उकरून काढायचं नाही, आणि तुझी ती मोडकी आरामखुर्चीही मला परत करायची नाही. पत्र कसलं लिहितेस, फोन का नाही करत, असं म्हणशील. तू केलेले फोन मी उचलले नाहीत, हेही खरं. हल्ली फोनवर बोलायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. तसा सगळ्याचाच कंटाळा आलाय म्हणा. सकाळी उठते तीच दमलेली. परवा कामावरून आले, बॅग खांद्यावरून उतरवली आणि तिथेच दारात, चपलांच्या शेजारी बसून राहिले. उठून दिवा लावायचंही जिवावर आलं. तू असतास तर म्हणाला असतास, घुबडाला कशाला हवा दिवा.

पोर येऊन गेली. शनिवारच्या कार्यक्रमाचं तुला सांगितलंय म्हणाली. दुपारचा आहे, छोटं सभागृह, खिडक्या नाहीत. तिचा आवाज आणि एक पियानो, बाकी काही नाही. तिथेच ध्वनिमुद्रण होणार आणि त्यातूनच तिचा पहिला अल्बम निघणार. जे गाईल ते तसंच राहणार, पुन्हा गायची सोय नाही. आणि तू म्हणे रुसून बसलायस! ड्रम नाहीत तर माझं तिथे काय काम, असं म्हणालास तिला? अरे, वय काय, रुसतोस काय! पोरीने तोंड एवढंसं केलं होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबाला गाणं कळतं, पण घरी बसून कळत नाही. त्यावर हसली बिचारी. मग जाता जाता, दारात उभी राहून म्हणाली, आई, फोटो तूच काढायचेस, दुसरं कुणी मला समोर नकोय. मी हो म्हणून बसले.

तुला आठवतं का, आपली ओळख कशी झाली? त्या तळघरातल्या क्लबात मी नवा कॅमेरा घेऊन तुमच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले होते. गाणं हळू, मंचावर एकच मळकट पिवळा दिवा, आणि माझं आपलं खटक् खटक् चाललेलं. तुमची गायिका अशी बघत होती की गाणं सोडून मला खायला उठेल. कार्यक्रम संपल्यावर तू टॉवेलने मान पुसत खाली आलास. मला वाटलं, आता बोलणी खाते. तर तू म्हणालास, बाई, तुमचं ते खटक् माझ्या ठोक्यावर पडू द्या, कुणाच्या बापाला ऐकू जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मी तसं केलं. गायिकेने वळूनही पाहिलं नाही. तुझ्यावर मी भाळले ती तेव्हाच. तुला वाटतं, तुझ्या मिशांवर.

पुढे जन्मभर तेच केलं. अंधारात फोटो काढायचा म्हणजे घाई चालत नाही. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात माणूस हललं की चेहऱ्याचा चिखल. लाल दिव्यात तर काढूच नये, माणूस भाजल्यासारखं दिसतं. पांढरा उजेड गालावर येईपर्यंत थांबायचं, कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास धरायचा. गाणारी बाई ओळ संपवते, आणि पुढचा श्वास घेण्याआधी क्षणभर अगदी थांबते. तो क्षण आणि तुझा ठोका एकत्र आले की दाबायचं. नवी पोरं बिनआवाजाचे कॅमेरे घेऊन येतात. मीही घेऊन पाहिला. पण हल्लीच्या मंचावरच्या दिव्यांत तसा बिनआवाजी फोटो काढला की चेहऱ्यावर पट्टे पट्टे उमटतात, गायिका गजाआड उभी केल्यासारखी. त्या सभागृहातही तेच दिवे आहेत, मी जाऊन बघून आले. म्हणजे आपला जुना खटकाच बरा.

आणखी एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला की तू ठोका जरा दाबून मारायचास. मला वाटायचं, योगायोग असेल. मग आपण एकमेकांशी बोलत नव्हतो, तू तुझं सामान बहिणीकडे हलवलंस, त्या दिवसांतही एका कार्यक्रमात मी समोर होते. माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तू मान फिरवून बसला होतास. पण मी कॅमेरा उचलला, आणि तुझा हात जड झाला. त्या संध्याकाळी मला फार रडू आलं होतं. वेगळं व्हायचं ते झालोच, त्याची रड आता नाही. पण माझ्यासाठी असा ठोका परत कुणी मारला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते, किती वेळ टाळणार. मागच्या महिन्यात एका गायकाचा कार्यक्रम होता, अगदी हळुवार. ड्रमवाला काठ्या सोडून नुसते तारांचे ब्रश फिरवत होता. मी त्याच्या हातांकडे बघून फोटो काढत होते. कानांनी नाही, डोळ्यांनी. बरेच दिवस मी असंच करतेय, ठोक्या, आणि ते कुणाला कळू दिलेलं नाही. एका जागी त्याने ब्रश वर उचलला, आणि तो वरच धरून ठेवला. गाणाराही थांबला. तुम्ही लोक मुद्दाम ठेवता ना, तसली रिकामी जागा. मला वाटलं, हात खाली येतोय. मी दाबलं. सगळं सभागृह गप्प, आणि त्यात माझं खटक्. मला ते ऐकूच आलं नाही. गायकाने डोळे उघडून सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, वा, काय नजर दिलीय! मी आणखी काढत सुटले. शेवटी आयोजकांनी येऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं. लोक माझ्याकडे बघत होते. त्या दिवसाचा सगळ्यांत चांगला फोटो तोच आलाय. मेल्याहून मेल्यासारखं होतं तो बघितला की.

मग कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एका पेटीवजा खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बटण दाबण्यात मी आयुष्य घालवलंय, पण तिथे नुसती बसून राहिले. ते म्हणाले, बारीक, टोकदार आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. जाड आवाज आहेत अजून. म्हणजे तुझा ढोल मला ऐकू येईल आणि माझा खटका येणार नाही, अशी गंमत. मोठमोठ्या स्पीकरांना पाठ लावून इतकी वर्षं उभी राहिले, दुसरं काय होणार. यंत्र मिळेल, पण ते अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि गाण्यात सुरुवातीला फार खरखरतं म्हणतात. शनिवारपर्यंत काही जमायचं नाही. परवा पोर स्वयंपाकघरात गुणगुणत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. आवाज येत होता, शब्द नव्हते. मी पाठ फिरवून भांडी घासत बसले.

तिला सांगितलं तर म्हणेल, आई, राहू दे गं फोटो, तू नुसती येऊन बस. प्रेमाने म्हणेल, आणि मी खचून जाईन. आणि न सांगता गेले, तर तिच्या गाण्यात, त्या ध्वनिमुद्रणात, माझं खटक् कायमचं बसेल. आईनेच पोरीच्या गाण्यात खिळा ठोकल्यासारखं. रात्र रात्र हेच डोक्यात फिरतंय. दुसऱ्या कुणाला पाठवायचं, तर ती मला समोर बघून गाणार आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र. शनिवारी ये. रुसवा घरी ठेव आणि माझ्या शेजारी बस. पियानो कुठे जोरात पडतो, तिचा आवाज कुठे चढतो, टाळ्या कुठे येतात, हे तुला गाण्याच्या आधी कळतं. तिथे माझ्या खांद्यावर एक बोट मार. बस्स, एकच. ते बोट पडलं की मी दाबेन, नाही पडलं तर हात खाली ठेवून तिच्याकडे नुसतं बघत बसेन. बाकी कुणाच्या ठोक्यावर माझा भरवसा नाही, आणि दुसऱ्या कुणाला हे सांगायची ताकदही उरलेली नाही. तिला वाटू दे, आई-बाबा बऱ्याच दिवसांनी जवळ बसलेत. कडेच्या दोन खुर्च्या धरून ठेवते. बोट मात्र जरा दाबून मार, पूर्वीसारखं.

तुझीच, अंधारातलं अजून दिसणारी,
घुबड