हिरव्या काचेतली सरस्वती

राजा घाटामागची गल्ली, काशी
दसऱ्यानंतरचा पहिला मोकळा दिवस

ती. नरहरदादांस विश्वेश्वराचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस तो अलंकार नाही, नाक खरोखर जमिनीला लावले आहे.) पुण्याच्या हवेत आपला गुडघा कसा आहे? इकडे सर्व कुशल. आपली बहीण तर विशेष कुशल, कारण अंबिकेला मला हसायला कायमचे निमित्त मिळाले आहे.

विषय तुमच्या त्या जुन्या संगणक-टर्मिनलचा. निवृत्त होऊन जाताना ते आमच्या बैठकीत ठेवलेत आणि बजावलेत, "शास्त्रीबुवा, जपा हं, कार्तिकात प्रदर्शनवाले न्यायला येतील." यंत्र मला पाहताक्षणी आवडले. इतर पडदे क्षणोक्षणी विसरतात. याची काच एकदा उमटलेली हिरवी रेघ धरून ठेवते. एकच रेघ पुसू म्हटले तर पुसत नाही. पुसायचे तर सगळे पान, तेही विजेसारखा लखलखाट करून. (आमच्या गुरुजींची स्मरणशक्ती आणि राग, दोन्ही असेच होते.)

पाटीवर आपण एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो, ती यंदा नवरात्रात या काचेवर काढावी अशी बुद्धी मला झाली. आकडे इंग्रजी निघाले. देवीने चालवून घेतले. एक आकडा भलतीकडे पडला तो पुसता येईना, म्हणून देवीला एक हात जास्त आहे. तेवढ्यावर भागते तर हे पत्र लिहिले नसते. थोडा वेळ कोणी कळ दाबली नाही की हे यंत्र आपणहून मंदावते. काच जपण्यासाठी ती सोय आहे हे तुम्ही सांगितले होते, मी ऐकलेही होते. पण घरात अखंड दिवा तेवतोय आणि शेजारी देवी विझतेय, हे मला बघवेना. मग वात सारावी तशी मी कळ दाबत राहिलो. जेवताना डाव्या हाताने दाबली. मी घाटावर स्नानाला गेलो की अंबिका दाबी.

दसऱ्याला अक्षता टाकून यथाविधी "पुनरागमनाय च" म्हटले आणि पुसण्याची कळ दाबली. लखलखाट झाला, देवी गेली, आणि माझा हात खाली येतो न येतो तोच फिकट हिरवी होऊन परत आली. पुन्हा दाबली, पुन्हा आली. बंद करून लावले, तर आधीच येऊन बसलेली. अंबिका म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत तुमचा पहिलाच मंत्र लागू पडला!"

इथवर नुसती लाज होती. मग शेजारच्या लीला मिसराइन फुले घेऊन आल्या. "पंडितजी, ई अपने से परगट भइल हईं का?" शास्त्र कोणते आणि चमत्कार कोणता, हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले. नेमका त्या क्षणी मला खोकला आला. गल्लीने त्याचा अर्थ "हो" असा केला. आता सकाळपासून झेंडूचे हार येतात आणि मी खोकत बसतो.

दादा, तुमची काच मी बिघडवली आणि वर देवीच्या नावावर खपवली. प्रदर्शनवाल्यांना कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ? क्षमा मागायलाही धड शब्द सुचत नाही.

आपला खजील मेहुणा,
विश्वेश्वर

ता. क. एक विनंती. हा डाग सतत कळ दाबल्याने पडला, यात चमत्कार काही नाही, असे इंजिनिअर या नात्याने सहीनिशी लिहून धाडा. गल्लीत मी मोठ्याने वाचून दाखवीन. माझ्या तोंडून आपणहून ते निघत नाही.

पुन्हा ता. क. ते मराठीतच लिहावे. घरच्या भाषेत लाज जरा कमी वाटते. शिवाय ती गल्लीत कुणाला येत नाही. अर्थ सांगायचे काम माझ्याकडेच येईल, आणि खोकला अजून गेलेला नाही.