अकरापैकी दहा

४ जानेवारी २००८
अकोल्याच्या सर्जन मंडळींचं निमंत्रण. २७ तारखेला वीस मिनिटं बोलायचं. विषय : लेसरने मोकळ्या केलेल्या मूत्रनळीचे दूरगामी परिणाम. अमरावतीत हे काम मीच सुरू केलं, बोलणार दुसरं कोण? चार वर्षांपूर्वीचे अकरा पेशंट. कॅन्सर नाही, किडनीखालची नळी नुसती आकसलेली. लेसरने आतून चीर, नळी उघडी राहावी म्हणून सहा आठवडे आत स्टेंट, मग सुट्टी.
संकल्प : अकराही जणांची पुन्हा सोनोग्राफी.

१२ जानेवारी
रिसेप्शनच्या माणिकबाईंनी फोन लावले. निम्मे नंबर बंद. त्यांनी विचारलं, ‘‘साहेब, या लोकायले दरसाल तपासाले या म्हणून सांगतलं होतं का?’’ सांगितलं असणारच. कार्डावर लिहायचं राहिलं असेल.

१७ जानेवारी
दोघे आले. दोघेही ठणठणीत. नऊ आले नाहीत. दुखत असतं तर आले असते. नापिकीच्या अशा वाईट सालात धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला येईल? स्लाइड तयार : ११ पैकी ११.
नळी न दुखता पुन्हा आकसू शकते, असं पुस्तकात आहे. पुस्तक आज काढलं नाही.

२० जानेवारी, रविवार
राजापेठेत टाय घेतला. तिथेच अब्दुल सत्तार भेटले, मूर्तिजापूरचे गादीवाले. पेशंट नंबर सात, हलीमाबी, यांची बायको. म्हणाले, दुखणं चार महिन्यांतच बंद झालं. बघा! तरी मनाला काही तरी लागलं. म्हटलं, एकदा घेऊन या.

२३ जानेवारी, दुपार
हलीमाबी आल्या. माझ्यासाठी रजई आणली, स्वतः शिवलेली. सोनोग्राफी केली. लेसर केलेल्या बाजूची, डावी किडनी म्हणजे पाण्याची पिशवी. दुखणं थांबलं, कारण दुखायला काही उरलंच नव्हतं. त्यांना म्हटलं, उजवी एकदम छान आहे. खोटं काहीच बोललो नाही. जेवलो नाही.

२५ जानेवारी
स्लाइड दुरुस्त : ११ पैकी १०. एक अपयश दाखवणारा वक्ता उलट जास्त विश्वासार्ह वाटतो.

२७ जानेवारी, संध्याकाळ
भाषण उत्तम. मग एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, यातले प्रत्यक्ष तपासले किती? म्हटलं, तीन. अध्यक्षांनी जेवण जाहीर केलं.
परतताना गाडी मूर्तिजापुरात थांबवली. हलीमाबींना सगळं सांगितलं. चूक माझी, हेही.
त्या म्हणाल्या, ‘‘मले मालूम होतं साहेब. दोन साल झाले, अकोल्याच्या दवाखान्यात निघालं सोनोग्राफीत. तुमाले बुरं वाटलं असतं, म्हणून बोललो नाही आमी.’’
चहा आला. मग त्यांनी विचारलं, ‘‘बाकीच्या लोकायचं कसं हाये?’’
मी चहा पीत राहिलो. कप केव्हाच रिकामा झाला होता.