वीजबाई

४ जानेवारी
आलो एकदाचे! ट्रक सामान टाकून गेला आणि नवऱ्यानं दमून भांड्यांच्या खोक्यावरच बसकण मारली. आतून कुर्रर्र असा आवाज आला. काय फुटलं ते उद्या बघू, आज कुणाला धीर आहे? घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर, ज्यात दोघांना एकदम उभं राहायचं तर आधी बोलणी करावी लागतील. ठकीनं (वय वर्षं सहा, खरं नाव फक्त शाळेपुरतं) खिडकीचा रुंद कट्टा बळकावून तिथं बाहुल्यांचं बिऱ्हाड थाटलं. नवरा इमारतींचे नकाशे काढतो, तेही घरी बसून, त्यामुळे त्याला टेबल आणि चहा मिळाला की गाव कुठलंही चालतं. नोकरी बदलली ती माझी. परवापासून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायला बसायचं. मालक बोलके आहेत. माझ्या आधीची बाई गिऱ्हाइकांवर खेकसायची, असं त्यांनी चहा येईपर्यंत दोनदा सांगितलं.

१२ जानेवारी
काम छान जमतंय. अंधाऱ्या खोलीत माणूस समोर बसतो, मी भिंगं बदलत विचारते, पहिलं बरं की दुसरं? लोक इतके घाबरतात की जसे काही नापासच होणार. एका आजोबांनी तर, तुम्हीच सांगा ताई, तुम्हाला कुठलं बरं वाटतं, असं उलट मलाच विचारलं.

आज गोळीचंही मार्गी लागलं. ठकी झाली तेव्हा मी पार मिटून गेले होते, तेव्हापासून रोज सकाळी उदासीवरची एक गोळी. तिनं मला वर काढलं, मी तिला नावं ठेवणार नाही. पण गेल्या वर्षी ठकी झोपाळ्यावरून पडली, हनुवटी फुटली, आणि मी शांतपणे कापूस शोधत होते. शेजारच्या बाया रडल्या. मला काहीच झालं नाही, आणि काही झालं नाही याचंही काही वाटलं नाही. आता वाटतं. माझ्या मुलीला लागलं तर मला लागायला हवं, एवढंच माझं मागणं आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद नीट वाचले आणि म्हणाल्या, कमी करून बघू, पण सावकाश. मनानं काही करायचं नाही. तर उद्यापासून अर्धी.

२१ जानेवारी
आज साबणाच्या जाहिरातीला रडू आलं! साबणाच्या! नवरा कपाळाला हात लावून बसला आणि मी रडता रडता हसत होते. ठकीनं शाळेतून घराचं चित्र आणलं, दारात आम्ही तिघं, माझे हात गुडघ्यांच्या खाली पोचलेले. ते बघून मी पुन्हा रडायला बसले. लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात, मी अर्ध्या गोळीनं झाले.

२८ जानेवारी
एक नवीनच भानगड. डोळे झटकन बाजूला वळवले की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं होतं. दुखत नाही. सुर्रकन काहीतरी जातं आणि जग एक उचकी देऊन परत सुरू होतं. फोन केला तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे बऱ्याच जणांना होतं, ओसरतं, आहे त्याच डोसवर थांबा, फार झालं तर या. मी निवांत झाले. आमच्या घरात दुखण्याला नाव ठेवायची खोड आहे. नवऱ्याच्या कंबरदुखीचं नाव जमीनदार. म्हणून तो म्हणाला, ही वीजबाई. ठकीला नाव भलतंच आवडलं. आता शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, वीजबाई येऊन गेली का?

४ फेब्रुवारी
दुकानात विचित्र झालं. एका शिक्षिकेला डावीकडे बघा म्हटलं, तिच्याबरोबर माझेही डोळे गेले, सुर्रकन झालं. आणि पुन्हा समोर बघते तर खुर्चीत शिक्षिका नाही, कुणी वेगळाच माणूस, आणि त्याचा नंबर निम्मा काढून झालेला. शिक्षिकेचा कागद माझ्याच अक्षरात लिहून बाजूला ठेवला होता. मी तो पुन्हा तपासला. बरोबर होता. मालक दिवसभर खूश होते, शिक्षिकाबाई माझ्याशी गप्पा मारून हसत हसत गेल्या म्हणे.

मी काय गप्पा मारल्या ते मला आठवत नाही.

९ फेब्रुवारी
सकाळी ठकीची वेणी घालायला कंगवा शोधायला वळले. सुर्रकन. बघते तर वेणी घातलेली. माझी नेहमीची नाही, चार पेडांची, घट्ट आणि सुरेख. मला चार पेडांची वेणी येत नाही. ठकीला विचारलं, कुणी घातली? म्हणाली, वीजबाईनं. ती केस ओढत नाही म्हणे. नवरा आतून हसला. मीही हसले, न हसून काय करणार? पण दुकानात दिवसभर माझे हात मला परके वाटत होते.

१३ फेब्रुवारी
हे लिहायलाच हवं. ठकी दुकान-दुकान खेळत होती. तिनं बापाच्या डोळ्यावर पळी धरली आणि माझ्यासारखं विचारायला लागली, पहिलं बरं की दुसरं? मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी गमतीत विचारलं, आणि ठकूबाई, आई बरी की वीजबाई?

तिनं विचार केला. मनापासून केला, गिऱ्हाइकं करतात तसा. आणि म्हणाली, दुसरी.

का ते विचारायला नको होतं. म्हणाली, परवा शाळेत मुलींनी मला खेळात घेतलं नाही ते मी सांगितलं ना, तेव्हा ती माझ्याबरोबर रडली. तू नुसती म्हणतेस, होतं असं.

मला तिनं हे कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण मला नाही.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पूर्ण गोळी पुन्हा सुरू करा, थोडे दिवस लागतील, एकट्या राहू नका, दहा दिवसांनी या. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, घाई करू नकोस, इतक्या वर्षांत तू आत्ताच जरा मोकळी झालीस, परवा किती हसवलंस आम्हाला.

मी परवा कुणालाही हसवलं नाही. हे त्याला कसं सांगू? त्याच्याकडे बघून सांगावं लागेल, आणि तो डावीकडे बसला होता.

१८ फेब्रुवारी
गोळी पूर्ण घेते आहे. झटके कमी झाले हे खरं, पण प्रत्येक लांबला. सकाळी दुधाकडे वळले आणि समोर एकदम संध्याकाळ, दिवे लागलेले, ठकी माझ्या मांडीवर. माझ्या म्हणजे — मांडी माझीच. ठकीच्या गालावर रडून सुकलेले ओघळ, आणि ती शांत. माझेही डोळे ओले होते. कशासाठी रडले ते मला कुणी सांगायला तयार नाही. ठकी म्हणते, तुला माहितीये.

दुकानात रजा टाकली. मालकांनी आवर्जून फोन करून विचारलं, बाई परत कधी येणार? गिऱ्हाइकं नेमकी कुणाची वाट बघतायत, विचारवलं नाही.

२० फेब्रुवारी
डोळे हलवायचे नाहीत. काही बघायचं तर मान वळवते, मग धड. नवरा म्हणतो, कशाला अशी ताठ बसतेस, जरा इकडे बघ. रोज म्हणतो. लाडानं म्हणतो.

ओळ लिहून संपली की नजर परत डावीकडे येते. तिथंच धोका. म्हणून वहीच सरकवते, डोळे नाही.
ओळी आखूड.

२२ फेब्रुवारी
आता मान वळवली तरी होतं.
डोळे मिटले तर पापण्यांच्या आत फिरतात. झोप म्हणजे —
ठकीला म्हटलं, माझ्या समोर उभी राहत जा. मला तुझं तोंड बघू दे. आली, थोडी उभी राहिली. कंटाळली. बाजूला गेली.
बाजूला गेली की माझी राहत नाही.

२३ फेब्रुवारी
आज शेजारच्या खोलीत ती दोघं हसत होती. बाप-लेक. मी भिंतीकडे तोंड करून.
डॉक्टरीणबाईंकडे उद्या संध्याकाळी. उद्या. तेवढं धरून बसायचं.

२४ फेब्रुवारी
दुपार. ठकीला ताप. नवरा औषध आणायला गेलाय.
पलंग डावीकडे. मी खुर्चीत, समोर भिंत.
रडतेय ती. माझं काळीज तुटतंय — माझंच, हे मलाच होतंय, मलाच —
समोर ये म्हटलं. उठवत नाही तिला.
आई, बघ ना, म्हणते.
म्हटलं, राणी, मी इथंच आहे. बोल, ऐकतेय मी.
म्हणाली, तू बोलू नकोस. नुसतं बघ. तू बघितलंस की ती येते.
लेकरू तापानं फणफणलंय आणि आईनं तोंड फिरवून बसायचं, हे कुठल्या —
नवरा येईना अजून —
पुन्हा हाक मारली.
बघते हं, सोन्या. वळते. जाता जाता जेवढी दिसशील तेवढी —