काका आणि मामा एकच कसे झाले, त्याची हकीकत

तीर्थस्वरूप नाथाजीमामा यांस,

कराडहून भाचा जयराज याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा, मामींचं बीपी आणि सृष्टीचा बीएडचा अभ्यास, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. कोयनेचे धक्के चहा न सांडता सोसणारा माणूस एका मेसेजने हलेल असं वाटलं नव्हतं. पण मेसेज तसाच होता: 'आपल्या सृष्टीसाठी सुयोग्य स्थळ: जयराज.' त्यात तुम्ही आमच्या केंद्रात तिचं नाव कधी नोंदवलंच नव्हतं. तर झाला प्रकार सांगतो.

भाऊसोंच्या वधूवर सूचक केंद्राचा प्रोग्राम मी सांभाळतो. (तुम्ही चारचौघांत 'कॉम्प्युटरमध्ये असतो' एवढंच सांगता, तेही खोटं नाही.) त्यात प्रत्येक नात्याचा एक क्लास असतो, म्हणजे त्या नात्याच्या माणसाचा साचा. काकाचा वेगळा, मामाचा वेगळा. आतला मजकूर मात्र शब्द न् शब्द सारखा. कोड आपोआप नीटनेटकं करणारं एक टूल मी त्यावर सोडलं. सारखा मजकूर दोनदा दिसला की त्याला राहवत नाही. त्याने दोन्ही क्लास मोडून एकच केला आणि त्याचं नाव ठेवलं 'पालकबंधू'. दिसायला सुरेख झालं. चाचण्याही सगळ्या पास झाल्या, कारण काकाची मुलगी बहीण लागते हे तपासणारी चाचणी कोण कशाला लिहील?

घोटाळा दुसऱ्याच फाइलमध्ये होता. तिथे नियम होता की मुलगी 'काका'ची असेल तर स्थळ बाद. पण तो 'काका' अवतरणचिन्हांत लिहिलेला होता, आणि अवतरणातला मजकूर म्हणजे कुणाचं तरी बोलणं समजून टूल त्याच्या वाटेला जात नाही. इकडे काका नावाचं कुणी उरलंच नाही, त्यामुळे बाद कुणी होईना. (आडनावावरून अडवावं, तर आपल्याकडे निम्मी गावं पाटलांची.) सकाळी मेसेज सुटले आणि उंब्रजच्या बनुबाईंच्या नातवाला, दिग्विजयला, त्याच्या सख्ख्या चुलत बहिणीचं, रेश्माचं स्थळ गेलं. बनुबाई दुपारच्या एसटीने थेट ऑफिसात. "आवं, एका ताटात जेवल्याली पोरं ही. जिनं राखी बांधायची तिनंच माळ घालायची व्हय?" भाऊसो शांतपणे माझ्याकडे वळले. "जयराज, तुझ्या मशीनला घरदार न्हाई का रं?"

मग भाऊसोंनी सगळ्यांना दिलगिरी पाठवली की आजचे सर्व मेसेज रद्द समजावेत. तुम्हालाही आली असेल. काका आणि मामा मी हाताने पुन्हा वेगळे केले आहेत. टूलवर माझा राग नाही. नात्यात काय चालतं हे कुणी कोडमध्ये लिहून ठेवत नाही. ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि टूल कुणाच्या घरी जेवायला जात नाही.

रविवारी तुम्ही सृष्टीसाठी आटपाडीचं स्थळ बघायला निघणार, असं आईकडून कळलं. घाटात गाडी सावकाश हाका.

आपला भाचा,
जयराज

ता. क. दिलगिरी सरसकट गेली, त्यात एक गडबड झाली. काकाच्या मुलीशी चालत नाही. मामाच्या मुलीशी आपल्याकडे पूर्वापार चालतं, आणि तो नियम प्रोग्राममध्ये पहिल्यापासून तसाच आहे. म्हणजे तुम्हाला आलेला मेसेज बरोबर होता. यादीत माझं नाव टूलने घातलेलं नाही, मी घातलं. मला सृष्टी मनापासून आवडते. तेवढा एक मेसेज रद्द समजू नये, ही विनंती.

ता. क. २. सृष्टीचं नाव मात्र मी नोंदवलेलं नाही. नोंदणी करताना वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि ओटीपी आला की तुम्ही चष्मा शोधत बसत नाही, मोबाईल सरळ सृष्टीच्या हातात देता. आटपाडीला निघण्याआधी तिला एकदा विचारावं.